तारेचा धागा आणि शिक्षकाचा वर्ग : शिल्पकार रूथ असावा यांच्या जीवनकार्याचा अभ्यास

दुसऱ्या महायुद्धाचा धडा आपण शाळेत शिकतो, तेव्हा पर्ल हार्बर आणि हिरोशिमा ही दोन नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज येतात. या दोन घटनांच्या दरम्यान अमेरिकेने आपल्याच भूमीवर राहणाऱ्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना, ती जपानी वंशाची आहेत एवढ्याच कारणावरून, काटेरी कुंपणाच्या आत डांबले होते. त्यांतील बहुसंख्य माणसे जन्माने अमेरिकेची नागरिक होती. हा भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. या स्थानबद्धांमध्ये १६ वर्षांची एक शेतकरी कन्या होती. शिक्षिका होण्याची तिची इच्छा होती. ती इच्छा तिच्या वंशाकडे बोट दाखवून अडवली गेली. पुढे तिने तार विणून जगाला थक्क करणारी शिल्पे घडवली आणि ज्या वर्गाचे दार तिच्यासाठी बंद झाले होते, तसे अनेक वर्ग इतरांच्या मुलांसाठी उघडले. आज सॅन फ्रान्सिस्को शहरातील एक सरकारी कलाशाळा तिचे नाव धारण करते. रूथ असावा यांच्या या जीवनकार्याचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शेतावरचे बालपण

रूथ असावा यांचा जन्म २४ जानेवारी १९२६ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील नॉरवॉक या गावी झाला. वडील उमाकिची आणि आई हारू हे जपानहून आलेले. भाजीपाला पिकवून तो बाजारात विकणे हा त्यांचा व्यवसाय. सात भावंडांचे हे कुटुंब कसत असलेल्या जमिनीचे मालक मात्र कधीही होऊ शकत नव्हते. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी त्याच देशाच्या पश्चिम टोकाला कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एक कायदा मंजूर केला. जे नागरिकत्वास पात्र नाहीत त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले. जपानी स्थलांतरितांना नागरिकत्व मिळण्याची सोय तेव्हा नव्हती. ती १९५२ साली झाली. कायद्यात वंशाचे नाव न घेता एका वंशाला जमिनीपासून दूर ठेवण्याची ही रीत होती. भेदभाव नेहमीच उघड शब्दांत लिहिलेला नसतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे ध्यानात घ्यावे.

घरातील सर्व मुले शाळा सांभाळून शेतावर राबत. जमीन सपाट करणाऱ्या, घोड्याने ओढायच्या अवजाराच्या मागे बसून जाताना छोटी रूथ पायाच्या बोटांनी मातीत नागमोडी रेषा काढी. दोन्ही बाजूंच्या त्या रेषा जवळ येत, दूर जात आणि त्यांतून डमरूसारखे आकार उमटत. आपल्या प्रौढ वयातील शिल्पांचे आकार या मातीतल्या रेषांशी नाते सांगतात, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. १९३९ साली शाळेतील एका चित्रस्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. विषय होता, माणूस अमेरिकन कशामुळे ठरतो. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांच्या देशाने याच प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कुटुंबाला निराळ्या पद्धतीने दिले.

तबेल्यातील चित्रशाळा

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर स्वाक्षरी केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना तेथून हलवण्याचा अधिकार लष्कराला मिळाला. त्याच फेब्रुवारीत गुप्तचर पोलिसांनी उमाकिची असावा यांना अटक करून दूरच्या छावणीत नेले. पुढे कित्येक वर्षे मुलांना वडिलांचे दर्शन झाले नाही. आई आणि मुलांची रवानगी लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाली. तेथील तबेले घाईघाईने माणसांच्या निवासासाठी मोकळे करण्यात आले होते. असावा कुटुंबाच्या वाट्याला घोड्यांचे दोन कप्पे आले. घोडे गेले होते, वास गेला नव्हता.

याच ठिकाणी रूथ यांना त्यांचे पहिले व्यावसायिक चित्रकला-शिक्षक भेटले. स्थानबद्धांमध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत काम केलेले काही चित्रकार होते. शर्यती पाहण्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांवर बसवून ते मुलांना रेखाटन शिकवू लागले. शेतावर ज्या मुलीला दिवसभरात क्षणाची उसंत नसे, तिला येथे चित्र काढण्यासाठी अख्खा दिवस मिळाला. या शिक्षकांकडे शाळेची इमारत नव्हती, वेतन नव्हते आणि स्वातंत्र्यही नव्हते. अन्यायाने कोंडलेल्या माणसांनीच आपल्या मुलांच्या शिक्षणाची ज्योत विझू दिली नाही, हे या प्रसंगाचे मर्म होय. छावणीचे यात काहीही श्रेय नाही.

सप्टेंबर १९४२ मध्ये कुटुंबाला आर्कान्सा राज्यातील रोवर येथील छावणीत हलवण्यात आले. पहारेकऱ्यांचे मनोरे, काटेरी तारा आणि लाकडी बराकी अशी ती वसाहत होती. तेथील शाळेतून रूथ १९४३ साली माध्यमिक शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

अपुरी ठेवलेली पदवी

क्वेकर पंथीयांच्या शिष्यवृत्तीच्या आधारे त्यांनी मिलवॉकी येथील शिक्षक महाविद्यालयात प्रवेश घेतला. ध्येय एकच होते, कलाशिक्षिका होणे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम यथास्थित पार पडला. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष शाळेत सराव पाठ घेणे आवश्यक होते. युद्ध नुकतेच संपले असले तरी जपानी चेहऱ्याविषयीचा द्वेष संपला नव्हता. त्यांना वर्गात उभे करण्यास एकही शाळा मिळाली नाही. सराव पाठ नाही म्हणून पदवी नाही आणि पदवी नाही म्हणून शिक्षकी पेशा नाही, असा हा पेच होता. १९४६ साली त्यांनी पदवीविनाच ते महाविद्यालय सोडले. ती पदवी त्यांना अखेर १९९८ साली देण्यात आली. त्या वेळी त्यांचे वय ७२ वर्षांचे होते.

याच काळातील एका प्रवासाची आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. मिसुरी राज्यातील एका बसस्थानकावर गोऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी एक अशी दोन स्वच्छतागृहे होती. रूथ आणि त्यांची बहीण या दोन्ही वर्गांत बसत नव्हत्या. थोडा विचार करून दोघी काळ्यांसाठी असलेल्या दारातून आत गेल्या. ज्यांच्या पूर्वजांनी सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव सोसला आहे, त्या वाचकांना या निवडीचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

ब्लॅक माउंटन : हाताने विचार करण्याची शाळा

१९४६ च्या उन्हाळ्यात असावा नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्लॅक माउंटन महाविद्यालयात दाखल झाल्या. १९३३ साली स्थापन झालेली ही छोटी निवासी संस्था होती. येथे शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहत आणि शेती, स्वयंपाक, धुलाई ही कामे वाटून घेत. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे वातावरण अपरिचित वाटू नये. असावा यांच्या वाट्याला धुलाईघरातील कामही आले. कपड्यांवर उमटवायचा संस्थेचा रबरी शिक्का घेऊन त्यांनी कागदभर ठसे उठवले आणि त्यांतून लाटांसारखी नक्षी तयार केली. तो कागद आज कलाकृती म्हणून जपला जातो.

येथील प्रमुख कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स हे जर्मनीतील बाउहाउस या सुप्रसिद्ध कलासंस्थेत शिकवत असत. नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती संस्था बंद पडल्यावर ते अमेरिकेस आले होते. विद्यार्थ्याला महागडे रंग देण्याऐवजी वाळलेली पाने, कागद, तार अशा वस्तू हाती देऊन, ही वस्तू काय करू शकते ते पाहा, असे सांगणारे हे शिक्षक. आकार जितका महत्त्वाचा, तितकीच त्याच्या भोवतालची मोकळी जागा महत्त्वाची, हा त्यांचा दुसरा धडा. वास्तुविचारक बकमिन्स्टर फुलर आणि गणिती मॅक्स डेन यांच्याकडूनही असावा शिकल्या. आल्बर्स आणि डेन हे दोघेही हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले. एका देशाने हाकललेले शिक्षक आणि दुसऱ्या देशाने कोंडलेली विद्यार्थिनी यांची भेट या डोंगराळ खेड्यात झाली.

अंड्यांच्या टोपलीतून शिल्प

१९४७ साली असावा मेक्सिकोतील तोलुका या गावी गेल्या. तेथील कारागीर तारेच्या टोपल्या विणत. अंडी ठेवण्यासाठी या टोपल्या बाजारात वापरल्या जात. असावा यांनी ही विणकामाची रीत त्या कारागिरांकडून शिकून घेतली. ही रीत समजावून घेण्यासारखी आहे. एका लांब तारेचे छोटे फासे करत जायचे. पुढच्या ओळीतला प्रत्येक फासा आधीच्या ओळीतल्या फाशात अडकवायचा. सुईने क्रोशाचे विणकाम करताना सुताचे जे होते, तेच येथे तारेचे होते. डाग देणे नाही, ठोकणे नाही, साचा नाही. फासे वाढवले की आकार फुगतो, कमी केले की आवळतो.

टोपलीचे तोंड बंद केले तर काय होईल, हा प्रश्न असावा यांनी विचारला. टोपली मिटली आणि शिल्प जन्मास आले. पुढे त्यांनी एकाच विणीतून बाहेरचा आकार आत वळवून त्याच्या पोटात दुसरा आकार घडवला. त्याच्या पोटात तिसरा. आतला पृष्ठभाग बाहेरचा होतो, बाहेरचा आतला होतो, तरी सर्व काही पारदर्शक राहते. लोखंड, पितळ आणि तांब्याच्या तारेची ही शिल्पे छताला टांगलेली असतात. हवेच्या झुळकीने ती किंचित फिरतात आणि भिंतीवर त्यांच्या सावल्यांचे दुसरे शिल्प उमटते. शिल्प म्हणजे वजनदार दगड किंवा धातूचा ठोकळा, ही रूढ कल्पना येथे मोडीत निघाली. धातूला धाग्यासारखे वागवले म्हणून धाग्यांच्या शिल्पकलेचा विचार करताना असावा यांचे नाव आवर्जून घेतले जाते.

छावणीची काटेरी तार आणि शिल्पाची तार यांचा संबंध जोडण्याचा मोह येथे अनेकांना होतो. अभ्यासकाने तो आवरावा. असावा यांनी आपल्या तारेचे मूळ तोलुकाच्या टोपलीत असल्याचे सांगितले. पीडित माणसाची प्रत्येक निर्मिती त्याच्या जखमेतूनच आली असे मानणे, हाही त्याच्या बुद्धीला कमी लेखण्याचाच प्रकार आहे. त्यांनी शिकून, सराव करून आणि विचारपूर्वक हे तंत्र वाढवले.

कला की हस्तकला?

१९४९ साली असावा यांनी ब्लॅक माउंटनमधील सहाध्यायी, वास्तुविशारद अल्बर्ट लॅनियर यांच्याशी सॅन फ्रान्सिस्को येथे विवाह केला. लॅनियर गोरे होते. कॅलिफोर्नियातील आंतरवंशीय विवाहबंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी, म्हणजे १९४८ साली, रद्द ठरवली होती. या दांपत्याने सहा मुले वाढवली. स्वतंत्र कार्यशाळा नव्हती. घर हीच कार्यशाळा. मुले भोवती खेळत असताना, त्यांचे हवे-नको पाहताना तारेचे फासे पडत राहत.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पेरिडॉट गॅलरीत त्यांची प्रदर्शने भरली आणि १९५५ साली ब्राझीलमधील साओ पाउलो येथील द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची शिल्पे मांडली गेली. तथापि काही समीक्षकांना त्यांत शिल्पापेक्षा गृहिणीचे विणकाम दिसले. काहींना त्यांचा पौर्वात्य वंश दिसला. विणकाम, टोपली, दोरी ही कामे स्त्रियांची, गरिबांची, कारागिरांची; म्हणून ती खालची. दगड फोडून पुतळा घडवणे ही मात्र कला. ही उतरंड वस्तूच्या गुणावर उभी नाही, ती वस्तू कोणाच्या हातची आहे यावर उभी आहे. आपल्या समाजात हाताच्या कामाला जन्माशी जखडून नीच ठरवले गेले, तेव्हा हाच न्याय लावला गेला होता. असावा यांनी या टीकेस लेख लिहून उत्तर दिल्याचे दिसत नाही. त्यांनी विणणे थांबवले नाही, एवढेच.

१९६२ च्या सुमारास एका मित्र-दांपत्याने वाळवंटातून आणलेली एक काटेरी वनस्पती त्यांना दिली. तिचे चित्र काढता येईना, इतकी ती गुंतागुंतीची होती. तेव्हा तिची रचना समजून घेण्यासाठी त्यांनी तारांची जुडी बांधली आणि टोकाकडे तिचे दोन-दोन फाटे करत नेले. फांद्या, मुळे, बर्फाचे स्फटिक यांची आठवण करून देणारी शिल्पांची एक नवी मालिका यातून निर्माण झाली. जे रेखाटता येत नाही ते हाताने बांधून पाहावे, ही आल्बर्स यांची शिकवण येथे फळास आली.

अल्वाराडोचा प्रयोग

१९६८ साली असावा सॅन फ्रान्सिस्कोच्या कला आयोगाच्या सदस्य झाल्या. त्याच वर्षी आपल्या मुलांच्या अल्वाराडो प्राथमिक शाळेत त्यांनी सॅली वुडब्रिज यांच्यासह कला-कार्यशाळा सुरू केली. सरकारी शाळांतील कलाशिक्षण म्हणजे तयार चित्रात रंग भरणे, ही स्थिती त्यांना अस्वस्थ करत होती. पैसा जवळपास नव्हता. दुधाचे रिकामे खोके, अंड्यांचे पुठ्ठे, लोकरीचे उरलेले तुकडे हे साहित्य. शिक्षक म्हणून प्रत्यक्ष काम करणारे कलावंत आले आणि पालक वर्गात येऊन मुलांच्या शेजारी बसून राबू लागले. बागकामही अभ्यासक्रमात होते. बी पेरणे, वाट पाहणे आणि निगा राखणे हे कलावंताच्या शिस्तीचेच भाग आहेत, ही शेतकऱ्याच्या मुलीची धारणा होती. १९७० च्या दशकात केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून कलावंतांना मानधन देण्याची वाट या उपक्रमाने काढली आणि पुढे शहरातील सुमारे ५० शाळांपर्यंत त्याचा विस्तार झाला.

सार्वजनिक शिल्प घडवतानाही त्यांनी वर्ग सोडला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअर परिसरातील १९७३ सालचे कारंजे याची साक्ष देते. त्यावरील शहराची दृश्ये शाळकरी मुले, शेजारी, नातलग अशा शेकडो हातांनी मीठ घातलेल्या कणकेत घडवली. मग ती ब्राँझमध्ये ओतण्यात आली. त्या कारंज्यावर हात फिरवून, हे मी केले, असे सांगणारी माणसे त्या शहरात घडली. राजे आणि सेनापती यांच्या पुतळ्यांनी भरलेल्या जगात ही गोष्ट लहान नव्हे.

१९८२ साली शहरात कलाशिक्षणासाठी स्वतंत्र सरकारी माध्यमिक शाळा उभी राहिली, त्यामागे असावा यांचे दीर्घ प्रयत्न होते. २०१० साली त्या शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. सराव पाठासाठी ज्यांना एकही शाळा मिळाली नाही, त्यांच्या नावाची शाळा झाली.

कटुता नाही, विस्मरणही नाही

झाल्या अन्यायाबद्दल आपण कोणाचा द्वेष करत नाही, अशी असावा यांची भूमिका होती. ही भूमिका अर्धीच वाचली तर तिचा अर्थ झाले गेले विसरून जा असा होऊ शकतो. त्यांचे उत्तरायुष्य हा अर्थ खोडून काढते. १९८८ साली अमेरिकी शासनाने कायदा करून स्थानबद्धतेबद्दल क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धास २० हजार डॉलर भरपाई देण्याचे ठरवले. त्यानंतर १९९४ साली सॅन होजे शहरात असावा यांनी स्थानबद्धतेचे ब्राँझ स्मारक घडवले. शेतावरचे जीवन, अटक, छावणीतील बराकी असे प्रसंग त्यावर कोरलेले आहेत. २००२ साली सॅन फ्रान्सिस्को राज्य विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या सहभागाने स्मृतिवन उभारण्यात आले. दहा छावण्यांच्या स्मरणार्थ तेथे दहा शिळा ठेवलेल्या आहेत. अमूर्त आकारांत रमणाऱ्या या शिल्पकाराने स्मारकासाठी मात्र स्पष्ट, सर्वांना वाचता येईल अशी दृश्ये निवडली. साक्ष संदिग्ध असून चालत नाही, हे त्या जाणत होत्या. द्वेष सोडणे आणि नोंद ठेवणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडता येतात.

ऑगस्ट २०१३ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. २०२० साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या तारशिल्पांची तिकिटे काढली. ज्या शासनाने त्यांना तबेल्यात ठेवले, त्याच शासनाच्या तिकिटांवर त्यांच्या शिल्पांची छायाचित्रे छापली गेली.

आपल्या शाळांसाठी

या अभ्यासातून पालक आणि माजी विद्यार्थ्यांपुढे काही मुद्दे ठेवावेसे वाटतात. वेळापत्रकात कार्यानुभव आणि चित्रकलेचे तास परीक्षेच्या तोंडावर सर्वप्रथम कापले जातात. हाताने केलेले काम बुद्धीच्या कामापेक्षा कमी, हा जुना संस्कार या कात्रीमागे आहे. ज्या समाजाने या संस्काराची सर्वाधिक किंमत मोजली, त्याने तरी तो आपल्या शाळेत टिकू देऊ नये. साधनांचा अभाव हे कारण पुरेसे नाही. असावा यांच्या वर्गातील कणकेची माती कोणत्याही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होऊ शकते : चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि सुमारे दीड वाटी पाणी एकत्र करून घट्ट मळावे, आकार घडवावेत आणि मंद आचेच्या भट्टीत वाळवून घ्यावेत. तारेचा एक वेटोळा आणि पक्कड असेल, तर विणकामाचा पहिला धडाही देता येतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी सुतार असेल, कोणी शिवणकाम करत असेल, कोणी वायरमन असेल. त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या शाळेत येऊन मुलांच्या शेजारी बसावे आणि आपल्या हातातील विद्या त्यांना दाखवावी. अल्वाराडोच्या शाळेत पालक हेच करत होते. सांता अनिताच्या पायऱ्यांवर स्थानबद्ध चित्रकारांनीही हेच केले होते.